पाहुण्या लढवय्यांमागचे करार

महोदय,

फायटिंग गेममध्ये दुसऱ्याच कंपनीचे एखादे पात्र पाहुणे म्हणून दाखल झाले, की आपल्याकडच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असते : ‘चाहत्यांच्या आग्रहाखातर’. चाहत्यांचा आग्रह खोटा नसतो. पण पाहुणा कोण, तो कधी येणार, कोणत्या कन्सोलवर येणार आणि किती काळ राहणार, याची उत्तरे प्रकाशकांच्या आपापसातल्या व्यवहारांत शोधावी लागतात. सीझन पासचे, म्हणजे पुढे येणाऱ्या पात्रांच्या संचाचे, पैसे आगाऊ भरणाऱ्या वाचकाला हे ठाऊक असायला हवे, म्हणून हे सविस्तर पत्र.

सर्वांत स्वच्छ पुरावा निन्टेन्डोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’चा आहे. १ एप्रिल २०१५ रोजी गेममध्ये कोणते पात्र हवे, यावर निन्टेन्डोने जगभरातल्या खेळाडूंसाठी मतदान सुरू केले. ते ३ ऑक्टोबर २०१५पर्यंत चालले. डिसेंबरात बेयोनेटाचे नाव जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०१६मध्ये ती गेममध्ये आली. जाहीर करताना शब्द मात्र जपून वापरले होते : ज्यांच्यासाठी बोलणी होऊ शकतात आणि जी प्रत्यक्षात उतरवता येतात, अशा पात्रांमध्ये ती पहिली. सगळी मेख या अटीत आहे. बेयोनेटाचे हक्क सेगाकडे, आणि ‘बेयोनेटा २’ हा २०१४चा गेम निन्टेन्डोनेच वी यू कन्सोलसाठी प्रकाशित केलेला. दोन्ही घरांची ओळख जुनी होती, बोलणी शून्यापासून सुरू करायची नव्हती. मतदानात खरोखर पहिला आला होता ‘किंगडम हार्ट्स’चा सोरा. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी हे सांगितले ते थेट ऑक्टोबर २०२१मध्ये, सोराची घोषणा करताना. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी तो खेळायला मिळाला, म्हणजे मतदान संपून सहा वर्षे उलटल्यावर. सोराला घडवले स्क्वेअर एनिक्सने, पण त्याच्या वाटेवर डिस्नेचा होकार उभा होता. आणि होकार मिळाल्यावरही पाहुणा एकटाच आला. ज्यांच्यासोबत तो मूळ गेममध्ये भटकतो ते डोनाल्ड आणि गूफी कुठेच नाहीत. सोबतीला फक्त ‘किंगडम हार्ट्स’ची स्वतःची पात्रे. मिकीची खूण उरली ती सोराच्या चावीसारख्या तलवारीला लटकणाऱ्या छोट्या साखळीत.

सोरा ज्या पुढच्या आवृत्तीत आला, त्या ‘अल्टिमेट’च्या वेळी साकुराईंनी नोव्हेंबर २०१८मध्ये ट्विटरवर लिहिले होते, की पहिल्या फायटर्स पासमधली पात्रे निन्टेन्डोने निवडली आहेत; त्यातून लढवय्या उभा करता येईल का हे आपण पाहतो आणि मग आराखडा करतो. इतकी सरळ कबुली या धंद्यात क्वचित मिळते. तो पास पाच पात्रांसाठी २४.९९ डॉलरला विकला गेला आणि गेम बाजारात आला त्या आठवड्यात पाचांपैकी एकच नाव लोकांना माहीत होते, ‘पर्सोना ५’चा जोकर. उरलेली चार नावे ग्राहकाने न पाहता विकत घेतली.

‘परवानगी मिळाली’ असे आपण सहज म्हणतो, पण एका पात्राची परवानगी म्हणजे वेगवेगळ्या हक्कांची मोळी असते. चेहरा आणि पोशाख वेगळा, आवाज वेगळा, संगीत वेगळे, रंगमंच वेगळा, जाहिरातीतला वापर वेगळा. त्यावर कोणते कन्सोल, कोणते देश आणि किती वर्षे या अटी. यातला एक धागा अडला, तरी पात्र अर्धवट येते. ‘फायनल फँटसी ७’चा क्लाउड स्मॅशमध्ये २०१५ साली आला तेव्हा त्याच्याबरोबर मूळ गेममधल्या जेमतेम दोन धून होत्या, ‘अल्टिमेट’मध्येही दोनच राहिल्या. इतक्या गाजलेल्या संगीताच्या गेमबाबत असे व्हावे, याचे खेळाडूंना कोडे पडले होते. डिसेंबर २०२०मध्ये त्याच गेमच्या सेफिरॉथसाठी नव्याने व्यवहार झाला आणि एकदम नऊ धून आल्या. याउलट एसएनके या जपानी कंपनीने २०१९मध्ये ‘फेटल फ्युरी’चा टेरी बोगार्ड दिला तेव्हा पन्नास धून दिल्या! त्या वर्षीचा सर्वांत दिलदार हक्कदार एसएनकेच होता, असे आमचे मत आहे. पण त्याच व्यवहारात एसएनकेचीच तोकड्या पोशाखातली माई शिरानुई मात्र रंगमंचाच्या पार्श्वभूमीवरही दिसली नाही, कारण स्मॅश लहान मुलांनीही खेळायचा गेम आहे, असे साकुराईंनी सांगितले. म्हणजे मूळ हक्कदार तयार असला, तरी यजमान गेमचे वयोगटाचे प्रमाणपत्र आड येऊ शकते.

माणसाचा चेहरा असलेल्या पात्रांत नटाचा हक्क आणखी निराळा. ‘मॉर्टल कॉम्बॅट ११’मध्ये टर्मिनेटरला अर्नोल्ड श्वार्झनेगरचा चेहरा आहे, आवाज मात्र ख्रिस कॉक्स यांचा. त्याच गेममध्ये रोबोकॉपला पीटर वेलर आणि रॅम्बोला सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी स्वतः आवाज दिला. तिन्ही पाहुणे सिनेमातले, तिन्ही एकाच गेमचे, तरी एकाचा चेहरा आणि आवाज दोन वेगळ्या माणसांचे.

आता नात्यांकडे येऊ. यात नामकोचा ‘सोलकॅलिबर’ पाठ्यपुस्तकासारखा आहे. ‘सोलकॅलिबर २’ २००३मध्ये तीन कन्सोलवर आला आणि प्रत्येकावर पाहुणा वेगळा होता : गेमक्यूबवर निन्टेन्डोचा लिंक, एक्सबॉक्सवर टॉड मॅकफार्लेन यांचा स्पॉन, प्लेस्टेशन २वर नामकोच्याच ‘टेकन’चा हेहाची. लिंक नामकोला मिळाला त्याच्या आगेमागेच, २००२मध्ये, निन्टेन्डो, सेगा आणि नामको या तिघांनी मिळून गेमक्यूबच्या रचनेवर आधारलेला ‘ट्रायफोर्स’ हा आर्केड बोर्ड, म्हणजे पार्लरमधल्या गेमयंत्राचा गाभा, जाहीर केला होता. घरोबा किती होता ते यावरून कळावे. स्पॉनबरोबर मॅकफार्लेन यांच्या चमूने नेक्रिड नावाचे नवे पात्र आखून दिले आणि त्यांच्याच कंपनीने गेममधल्या पात्रांच्या बाहुल्या बाजारात आणल्या. पाहुणा, नवे पात्र आणि खेळणी अशी ती तिहेरी देवाणघेवाण होती. प्लेस्टेशनवाल्यांच्या वाट्याला मात्र घरचाच माणूस आला.

पुढे २००८च्या ‘सोलकॅलिबर ४’मध्ये लुकासफिल्मशी करार झाला. प्लेस्टेशन ३वर डार्थ व्हेडर, एक्सबॉक्स ३६०वर योडा. काही महिन्यांनी दुसरा पाहुणा पैसे भरून दोन्हीकडे मिळू लागला. तोवर एकाच गेमच्या दोन प्रतींत दोन वेगळ्या लढती चालू होत्या. २०१८च्या ‘सोलकॅलिबर ६’मध्ये ‘द विचर’चा गेराल्ट आला. ‘द विचर ३’चे पश्चिम युरोपातले वितरण बांदाई नामकोकडेच होते, हे बातम्यांत फारसे आले नाही. विक्रीची माणसे, दुकाने, जाहिरातींचे वेळापत्रक यांवर दोन्ही कंपन्या आधीपासून एकत्र काम करत होत्या. पोलंडची सीडी प्रोजेक्ट आणि जपानची बांदाई नामको यांना जोडणारा हा पूल आधीच बांधलेला होता, गेराल्ट त्यावरून चालत आला.

कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचे पात्र असेल, तर अट बहुधा एकच : आमच्या यंत्रावर दिसू दे, दुसऱ्याच्या नको. सोनीच्या ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटोस पीएसपीवरच्या ‘सोलकॅलिबर : ब्रोकन डेस्टिनी’त (२००९) आला, पुढे २०११च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये फक्त प्लेस्टेशन ३वर आला. तोच गेम नंतर ‘कम्प्लीट’ म्हणून सर्व पात्रांसह विकला गेला. सोनीच्या व्हिटा या छोट्या कन्सोलवर क्रेटोस होता, पीसीवर नव्हता. नावात ‘संपूर्ण’ असले तरी करारापलीकडे संपूर्णता नसते, हे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे. मायक्रोसॉफ्टने २००५मध्ये ‘डेड ऑर अलाइव्ह ४’ला ‘हेलो’च्या विश्वातली स्पार्टन सैनिक दिली, नायक मास्टर चीफ दिला नाही. आपला नायक दुसऱ्याच्या हातून मार खाताना दाखवायचा नसेल, तर त्याच्या पोशाखातले नवे पात्र घडवून द्यायचे, ही युक्ती तिथे नीट दिसते.

गेम बांधणाऱ्या कंपनीचे नाते वेगळेच. २०१४च्या आणि २०१८च्या दोन्ही स्मॅशचे काम बांदाई नामकोच्या स्टुडिओत झाले. नामकोचाच पॅकमॅन आणि नंतर ‘टेकन’चा काझुया तिथे पोचले, तेव्हा पाहुण्याचे घर आणि कारखाना एकच होता. आर्क सिस्टिम वर्क्सचा ‘ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटल’ (२०१८) पाहा : स्वतःचे ‘ब्लेझब्लू’, अ‍ॅटलससाठी स्वतःच बांधलेले ‘पर्सोना ४ अरीना’, आणि आपल्याच छत्राखाली विकलेले ‘अंडर नाइट इन-बर्थ’. पात्रांची चित्रे, चाली, ध्वनी हे सारे ज्याच्या हार्ड डिस्कवर आहे, त्याला पाहुणे बोलावणे स्वस्त पडते.

आणि ज्यांच्या घरातच सिनेमा आहे त्यांना बाहेर जावेच लागत नाही. २००८चा ‘मॉर्टल कॉम्बॅट व्हर्सेस डीसी युनिव्हर्स’ मिडवेने बाहेरून परवाना घेऊन केला. परिणामी बॅटमन आणि सुपरमॅन यांना शत्रूला ठार मारता येत नव्हते. त्यांच्यासाठी ‘हिरोइक ब्रुटॅलिटी’ नावाचा सौम्य शेवट करावा लागला आणि या मालिकेची ओळख असलेला रक्तपात आवरावा लागला. २००९मध्ये मिडवे दिवाळखोरीत गेली आणि मालिका वॉर्नर ब्रदर्सच्या हाती आली. डीसी आणि न्यू लाइन सिनेमा आधीच वॉर्नरचे. त्यानंतरच्या यादीत फ्रेडी क्रूगर, ‘बॅटमन’मधला जोकर, पीसमेकर सहज येऊन बसले, आणि जोकरला २०२०मध्ये पूर्ण रक्तरंजित शेवट मिळाला. पात्र घरचे, गेम घरचा, मग परवाना मागायला दुसऱ्याच्या दारात जायचे कशाला?

प्रकाशकांत जुनी चढाओढ असेल, तर पाहुण्यांची अदलाबदल होते. कॅपकॉम आणि एसएनके यांचे १९९९ ते २००३ या काळातले सामायिक गेम जुन्या खेळाडूंना आठवतील. दीर्घ खंडानंतर २४ सप्टेंबर २०२४ रोजी टेरी आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी माई ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये आले, या मालिकेच्या क्रमांकित गेममध्ये बाहेरचे पात्र प्रथमच आले. माई आल्यावर अडीच महिन्यांतच, २४ एप्रिल २०२५ रोजी, एसएनकेचा ‘फेटल फ्युरी : सिटी ऑफ द वुल्व्ह्ज’ बाजारात आला. एसएनकेच्या नव्या गेमची ओळख कॅपकॉमच्या मोठ्या प्रेक्षकांना आधीच झाली होती. परतफेड म्हणून केन आणि चुन-ली एसएनकेच्या पहिल्या सीझन पासमध्ये गेले. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आणि खेळाडूंच्याही, असे आम्हाला वाटते.

त्याच गेममध्ये फुटबॉलपटू क्रिस्टियानो रोनाल्डो का, याचे उत्तर मात्र फायटिंग गेमच्या इतिहासात मिळत नाही. एसएनकेचे जवळपास सर्व समभाग २०२२पर्यंत सौदी अरेबियाच्या राजपुत्रांच्या मिस्क प्रतिष्ठानाच्या कंपनीकडे गेले आणि रोनाल्डो २०२३पासून रियाधच्या अल नस्र क्लबकडून खेळतो. मालक कोण हे पाहिले, की पाहुण्याचा पत्ता लागतो.

कॅपकॉम आणि नामकोच्या वाटाघाटीत काय बिघडू शकते, तेही सांगतो. २०१०मध्ये दोन गेम एकत्र जाहीर झाले : कॅपकॉम बांधणार ‘स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन’, नामको बांधणार ‘टेकन क्रॉस स्ट्रीट फायटर’. पहिला मार्च २०१२मध्ये आला. त्यातली १२ पात्रे विकत घेतलेल्या डिस्कवर आधीच भरलेली होती आणि ती उघडण्यासाठी नंतर वेगळे पैसे मागितले गेले. शिवाय पॅकमॅन, मेगा मॅन, कोल मॅकग्रा आणि सोनीची दोन मांजरे, अशी पाच पात्रे फक्त सोनीच्या कन्सोलवर. एक्सबॉक्सच्या ग्राहकाने तोच गेम घेतला आणि पाच पात्रे कमी मिळवली. खेळाडूंचा राग उफाळला. नामकोच्या वाट्याचा गेम कधीच आला नाही. त्या मैत्रीचे खरे फळ ‘टेकन ७’मध्ये दिसले : ‘स्ट्रीट फायटर’चा अकुमा. काझुमी मिशिमाने नवरा हेहाची आणि मुलगा काझुया यांना मारण्याचे काम त्याच्यावर सोपवले, अशी कथेतच त्याची गाठ बांधली. असा पाहुणा पुढे परवाना संपला म्हणून काढणे अवघड, कारण त्याच्याबरोबर कथेचा तुकडा जातो. ज्या प्रकाशकाला पाहुणा टिकवायचा आहे, त्याने घेण्यासारखा हा धडा आहे.

अकुमाने एक तांत्रिक प्रश्नही उभा केला. टेकनमध्ये बाजूला सरकून वार चुकवायचा असतो, चौकटीच्या, म्हणजे पडद्यावरच्या एकेका क्षणचित्राच्या, हिशेबाने उत्तर द्यायचे असते. अकुमा आपल्या गेममधून ऊर्जेचा मीटर, हवेतून फेकायचे गोळे आणि एका चालीतून दुसरी चाल तोडून काढण्याची सोय घेऊन आला. त्यामुळे त्याचे कॉम्बो, म्हणजे सलग वारांच्या माळा, लांबले आणि जमिनीवरच्या लढवय्यांना उडी मारणाऱ्या शत्रूविरुद्ध नवे उत्तर शोधावे लागले. ‘सोलकॅलिबर ४’च्या योडाची अडचण उलटी होती : तो इतका बुटका की त्याला पकडून फेकता येत नसे आणि वरच्या उंचीचे वार डोक्यावरून जात. स्टीव्ह हे ‘माइनक्राफ्ट’चे पात्र स्मॅशमध्ये आणताना, जमीन खणण्याची त्याची चाल चालावी म्हणून सर्व रंगमंचांवर हात फिरवावा लागला. करारावर सही करणाऱ्यांना यातले काही दिसत नाही. बिल डिझायनरच्या आणि शेवटी स्पर्धेतल्या खेळाडूच्या नावावर फाटते.

पाहुण्याच्या तारखाही पाहाव्यात. नॉक्टिस ‘टेकन ७’मध्ये आला २० मार्च २०१८ रोजी, त्याच्या ‘फायनल फँटसी १५’ची पीसी आवृत्ती ६ मार्चला आली होती. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा हीरो स्मॅशमध्ये ३० जुलै २०१९ रोजी, त्याचा ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’ स्विचवर २७ सप्टेंबरला. क्लाइव्ह ‘टेकन ८’मध्ये डिसेंबर २०२४मध्ये, ‘फायनल फँटसी १६’ पीसीवर त्याच वर्षी सप्टेंबरात. दर वेळी पाहुण्याच्या घरचा माल त्याच हंगामात फळीवर असतो. म्हणून पुढचा पाहुणा कोण, याचा अंदाज बांधायचा असेल तर मतदानाच्या याद्या बाजूला ठेवून यजमानाच्या भागीदारांचे येत्या सहा महिन्यांचे प्रकाशन-वेळापत्रक पाहावे. अंदाज अधिक वेळा बरोबर येतो.

सर्वांत मोठे दुखणे पाहुणा निघून जाण्याचे आहे. मुंबई-पुण्याच्या पार्लरमध्ये किंवा घरच्या प्लेस्टेशनवर ‘टेकन ३’ खेळलेल्यांना गॉन हा चिमुकला डायनोसॉर आठवत असेल. तो मासाशी तानाका यांच्या मांगामधला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, उसना आणलेला. पुढच्या टेकनमध्ये तो नाही. ‘सोलकॅलिबर २’ २०१३मध्ये एचडी होऊन आला तेव्हा स्पॉन आणि हेहाची दोन्ही कन्सोलवर होते, लिंक नव्हता. डिसेंबर २०१३मध्ये ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ आणि ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ ऑनलाइन दुकानांतून काढले गेले. दुसरा तीन वर्षांनी परतला; पहिल्याला सप्टेंबर २०२४च्या संग्रहापर्यंत जवळपास अकरा वर्षे वाट पाहावी लागली. मधल्या काळात, २०१७मध्ये, ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम : इन्फिनिट’ आला आणि त्यात एकही एक्स-मेन नव्हता. ज्या कॅपकॉमने १९९४मध्ये ‘एक्स-मेन : चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटम’पासून ही वाट पाडली, तिच्याच गेममध्ये! तेव्हा एक्स-मेनच्या सिनेमांचे हक्क फॉक्स या दुसऱ्या स्टुडिओकडे होते, आणि गेमची यादी मार्व्हलच्या स्वतःच्या सिनेमांतल्या पात्रांनी भरलेली होती.

खरेदी करणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. गेम सुरू होताना किंवा दुकानाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत हक्कदारांची नावे असतात, ती वाचा. जितकी नावे जास्त, तितका तो गेम पुढे पुन्हा प्रकाशित होणे कठीण. पाहुण्यासाठीच गेम घेत असाल, तर आपल्या कन्सोलच्या दुकानातले पान पाहा, दुसऱ्या कन्सोलच्या ट्रेलरवर भरवसा ठेवू नका. डिस्क विकत घेतली तरी डीएलसी, म्हणजे नंतर डाउनलोड करायचे, पात्र बहुधा डिस्कवर नसते. ते खात्यात उतरवून घ्या आणि कन्सोलवर साठवून ठेवा, कारण विक्री बंद झाल्यावर नव्याने विकत घेता येत नाही. सर्व नावे जाहीर होण्याआधी पास घेण्याची घाई नको. सुटी पात्रे महाग पडतात हे खरे : स्मॅशमध्ये एक पात्र ५.९९ डॉलरला होते, म्हणजे पाचही सुटी घेतली तर पासपेक्षा पाच डॉलर जास्त. पण पाचांपैकी तीन किंवा चारच हवी असतील, तर सुटीच स्वस्त.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. अशा पाहुण्याची बातमी छापताना पात्राचा हक्कदार, कन्सोल आणि विक्रीची किंमत ही तीन माहितीची कलमे द्यावीत, आणि यजमान-पाहुणे यांच्यात आधी कोणता व्यवहार झाला होता ते एका ओळीत सांगावे. ही माहिती कंपन्यांच्या जाहीर पत्रकांत आणि गेमच्या श्रेयनामावलीत उपलब्ध असते. काढायला अर्धा तास पुरतो.

आपले,
फायटिंग गेम नियमित खेळणारे काही वाचक, पुणे